आई दाखवा

शेवग्याच्या शेंगा उतरवल्या की आमची कुंपणसभा भरते. अलीकडे मी, पलीकडे वहिनी, मध्ये मेंदीची रांग आणि त्या रांगेत एक लहानसं फाटक. त्याची कडी गेल्या पंधरा वर्षांत कुणी लावल्याचं मला आठवत नाही. सांगलीत विश्रामबागेसारख्या भागातसुद्धा आता बंगले पाडून अपार्टमेंट उठायला लागल्यात, त्यामुळं अशी उभ्याउभ्या बोलायची कुंपणं फार उरली नाहीत. लिफ्टमध्ये काय गप्पा होणार? तिसऱ्या मजल्यापर्यंत जेमतेम "काय, बरंय ना?" होतं, तेवढ्यात दार उघडतं.

तर परवा मी शेंगांची जुडी पुढं केली आणि वहिनींनी ती घेतलीच नाही. दोन्ही हात पाठीमागं, चेहरा नवऱ्याला न विचारता सोनं घेतल्यासारखा.

"बाई, पाहुणी आणलीय."

"कोण ओ? नणंदबाई?"

"नणंद येणार असती तर दोन दिवस आधी तुमच्यापाशी कुरकुर करून झाली असती माझी. कुत्री आणलीय. लॅब्रॅडोर. पुण्याहून."

विचारू नये ते मी सगळ्यात आधी विचारलं. "केवढ्याला पडली?"

"फुकट."

"फुकट? लॅब्रॅडोर? मग नक्की काहीतरी दुखणं असणार तिला."

वहिनी हसल्या. "झालं! तुम्ही अकराव्या. दूधवाल्यापासून वरच्या आळीतल्या भटजींपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं, आणि याच क्रमानं. आधी केवढ्याला, मग काय बिघडलंय."

मी जरा ओशाळले. शाळेत बत्तीस वर्षं घालवलेल्या बाईला कुणी 'तुम्ही अकराव्या' म्हटलं की लागतंच.

"जाई, ये गं," वहिनींनी हाक मारली. पायरीवरून एक कुत्री सावकाश उतरली. लॅब्रॅडोर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं कॅलेंडरवरचं गुबगुबीत पिल्लू येतं. ही पोक्त बाई होती. तोंडाभोवती केस पांढरे झालेले, कोपरांना घट्टे पडलेले, आणि पोटाखाली लोंबणारे सड. चालताना ते हलत होते, आणि माझी नजर उगाचच तिथं जात होती.

"हिची पिल्लं कुठायत?"

"देवाला माहीत. कुणाच्या वाढदिवसाला गेली असतील, कुणाच्या वास्तुशांतीला. डॉक्टर म्हणाले, किती वेळा व्याली ते नक्की सांगता येत नाही, पण बऱ्याचदा. कोपराचे ते घट्टे दिसतात ना, ते सिमेंटवर झोपून झोपून पडलेले. आली तेव्हा गवतावर पाय टाकायला तयार नव्हती, बाई. सहा वर्षांचं जनावर आणि हिरवळीला भितंय! पायऱ्या तर तिनं जन्मात बघितल्या नसाव्यात. आमच्या ह्यांनी पायरीपायरीवर चपातीचा तुकडा ठेवून वर आणली."

पुण्याजवळ एका ढाब्यामागं रात्रीत कुणीतरी बांधून गेलं होतं म्हणे हिला. मुक्या जनावरांचं काम करणाऱ्या तिथल्या पोरांनी आणलं, स्तनातली एक गाठ काढली, नसबंदी केली, दात साफ केले, गोचीडतापाची औषधं दिली, आणि फोटो काढून 'हिला घर हवंय' म्हणून फिरवला. वहिनींच्या धाकट्यानं तो बंगळुरूहून पाठवला. तिकडं क्यूपा म्हणून जुनी संस्था आहे, तिनं तर लोकांनी टाकून दिलेल्या जातिवंत कुत्र्यांसाठीच 'सेकंड चान्स' नावाचं वेगळं केंद्र काढलं. धाकट्याच्या ऑफिसातल्या दोघांकडची कुत्री तिथलीच.

"जातिवंत कुत्री कोण टाकतं?" मी म्हटलं. "गावठी टाकतात हे ऐकलंय."

"कोपऱ्यावरच्यांनी काय केलं मग?"

हे मात्र खरं होतं. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या मुलाला बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा त्यानं हस्की मागितला. निळ्या डोळ्यांचा, लांडग्यासारखा. सायबेरियातलं कुत्रं, बर्फात गाडी ओढणारं, अंगावर केसांचे दोन थर. सांगलीत मे महिन्यात आपल्याला पदर नकोसा होतो, त्याला केसांची गोधडी! पंचेचाळीस हजार मोजले, वर एसीचं बिल. त्यानं बागेतला सगळा गुलाब उकरला, रात्री गळा काढायला लागला, शेजारची तक्रार गेली. मग कुणाच्या तरी सल्ल्यानं उन्हाळ्यात त्याचे केस भादरले आणि होतं ते संरक्षणही गेलं. पुढं मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. मागं राहिले आजोबा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गाडी ओढायला जन्मलेलं जनावर. आजोबा दोनदा पडले. दिवाळीच्या आत कुत्रं दिसेनासं झालं. विचारलं तर म्हणाले, शेतावर दिलंय.

"शेतावर!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, सगळ्या कुत्र्यांचा पत्ता एकच, शेत! त्या पुण्याच्या पोरी सांगत होत्या, आम्हाला कुणी 'शेतावर दिला' म्हटलं की आम्ही शेत कुठलं ते विचारायचं सोडून दिलंय. एक तर तिथं साखळीला, नाहीतर हायवेवर."

"आणि त्याला शिक्षा काही?"

आता वहिनींचे 'हे' बँकेतून निवृत्त. आयुष्यभर परिपत्रकं वाचलेला माणूस, कुत्री घरात यायच्या आधी कायदा वाचून बसला. 1960 चा प्राणी-अत्याचाराचा कायदा आहे. उपाशी-तहानलेलं पडेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.

"पन्नास हजार?"

"पन्नास रुपये, बाई. कायदा साठ सालचा, रक्कमही साठ सालचीच राहिली. पंचेचाळीस हजारांचं कुत्रं टाकायला पन्नास रुपये. आपल्या शेंगांची जुडी येईल तेवढ्यात."

मला शेंगांचं ते उदाहरण आवडलं नाही, पण हिशेब बरोबर होता.

"नियम चांगलेही आहेत," वहिनी म्हणाल्या. "2017 साली केंद्रानं कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. कुत्री दीड वर्षाची व्हायच्या आत तिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत, वर्षातून एकदाच, जन्मात पाचापेक्षा जास्त वेळा नाही. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. ह्यांनी वहीत उतरवून ठेवलंय."

आठ आठवडे म्हटल्यावर मी गप्प झाले. मला आमचा टिल्लू आठवला.

टिल्लू पग होता. 2003 साली एका मोबाइल कंपनीची जाहिरात आली, एक लहान मुलगा आणि जिथं जाईल तिथं त्याच्यामागं जाणारा तो सुरकुतलेल्या तोंडाचा कुत्रा. चीका त्याचं नाव. त्या जाहिरातीनं अख्ख्या देशाला पग म्हणजे काय ते शिकवलं. आमच्या लेकीनं दोन वर्षं हट्ट केला आणि 2005 मध्ये आम्ही एकाकडून पिल्लू घेतलं. माणूस एसटी स्टँडाबाहेर भेटला, हातात आंब्याची करंडी, करंडीत टिल्लू. मी विचारलं होतं हो. एवढी वर्षं मुलांना प्रश्न विचारणारी मी, विचारल्याशिवाय कशी राहीन? म्हटलं, याची आई कुठाय? तो म्हणाला, शेतावर आहे.

आणि मी पैसे मोजले.

दोन महिन्यांचा म्हणून दिलेला टिल्लू घरी आला तेव्हा त्याला धड वाटीतलं चाटता येत नव्हतं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. दुधाचे दातसुद्धा पुरते आले नव्हते. म्हणाले, जेमतेम महिन्याचा आहे, कसला दोन महिन्यांचा! अकरा वर्षं जगला, पण काय जगला. नाक चेपलेलं, त्यामुळं रात्री असा घोरायचा की पाहुणे आमच्या ह्यांच्याकडं संशयानं बघायचे. एप्रिल-मे कूलरसमोर जीभ काढून पडलेला. डोळे बाहेर आलेले, मेंदीचंच काटकं लागून एका डोळ्यात जखम झाली ती शेवटपर्यंत दुखली. तोंडाच्या घड्या रोज पुसाव्या लागत. त्याचा काय दोष? माणसांना चपटं तोंड गोड दिसतं म्हणून पिढ्यान्पिढ्या नाक आत आत दाबत नेलं, श्वास कुठून घ्यायचा ते त्याचं त्यानं बघायचं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे टिल्लूचं सांगितलं होतं, करंडीचं नव्हतं. परवा कुंपणाशी सांगितलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. जाई मेंदीच्या मुळाशी हुंगत होती.

मग मीच विषय बदलला. "पण मला एक सांगा. एवढी दया होती तर रस्त्यावरचं गावठी पिल्लू का नाही उचललं? ती काय कमी आहेत?"

हा खोचक प्रश्न होता, मला माहीत होतं.

"खरं सांगू?" वहिनी म्हणाल्या. "मला लॅब्रॅडोरच हवी होती. मिरजेला आमच्या डॉक्टरकाकांकडं होती, माझ्या लहानपणी. शाळेतून येताना तिच्या गळ्यात पडायचं म्हणून मी वाट वाकडी करून जायचे. ती हौस इतकी वर्षं मनात होती. लोक म्हणतात, जातीचंच कुत्रं हवं म्हणणं वाईट. मी म्हणते, हौस असू दे की. पण आपल्या हौसेसाठी नवीन करंडी भरायची कशाला? आधीच्या हौशी लोकांनी सोडून दिलेली पडलीयत ती संपेपर्यंत तरी."

मी उलट काही बोलले नाही. करंडी हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला की सहज, ते कळलं नाही.

मग फॉर्मची कथा निघाली. आपल्याकडं वाटतं, नको असलेलं कुत्रं, घ्या म्हटलं की मिळतं. मिळत नाही. दोन पानांचा फॉर्म. घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसा कोण असतं, गावाला गेल्यावर कोण बघणार, आधी कुत्रं होतं का, असलं तर त्याचं काय झालं. आणि खाली एक ओळ: तुम्हाला काही झालं तर कुत्र्याचं कोण करणार?

"आमचे हे बहात्तर वर्षांचे. ती ओळ वाचून तासभर गप्प बसले. मला वाटलं, रागावले. मग उठून धाकट्याला फोन लावला, त्याच्याकडून लिहून घेतलं. आम्ही पिल्लू मागितलंच नव्हतं, पण मागितलं असतं तरी दिलं नसतं त्यांनी. म्हणाले, तुमच्या वयाला मोठं, शांत कुत्रंच बरं. मला बरं वाटलं. आमच्या वयाचा विचार करून कुणीतरी काहीतरी देतंय! बाकी सगळे गुडघ्याचा पट्टाच देतात."

फॉर्मनंतर घर बघायला इथलीच कॉलेजातली एक पोरगी स्कूटीवरून आली. "मुलगी बघायला येतात तशी," मी म्हटलं. "तसं नाही," वहिनी म्हणाल्या, "तेव्हा निदान पोहे खातात. हिनं चहाही घेतला नाही, सरळ फाटक हलवून बघितलं, गच्चीच्या कठड्यातून हात घालून बघितला, आमच्या मागच्या हौदावर झाकण आहे का विचारलं. आणि मेंदीतलं हे आपलं फाटक बघून म्हणाली, याला कडी लागली पाहिजे."

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. फाटकाला नवीन कडी होती. चकचकीत.

"लावली?"

"अटच होती तशी."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पंधरा वर्षं त्या फाटकातून मी चहाच्या भांड्यासकट गेलेय. आणि कोण ती पोरगी, स्कूटीवरून येते आणि आमच्या फाटकाला कडी लावते! वहिनींना ते दिसलं असावं, कारण त्यांनी लगेच दुसरी गोष्ट काढली.

"आमच्या वन्संना मात्र ठकवलं. मी आणली म्हणून त्यांनाही आणायची होती. फोनवर कुणीतरी भेटला, म्हणे बदली झालीय, गोल्डन रिट्रीव्हर फुकट द्यायचाय, फक्त गाडीभाड्याचे तीन हजार आधी पाठवा. पाठवले. मग लसीचे दोन हजार. मग फोन बंद. मी म्हटलं, अहो, ज्यानं एकही प्रश्न विचारला नाही तो कुत्रं देणारा कसा असेल? खरा देणारा आधी तुमची उलटतपासणी करतो."

"दूधवाला काय म्हणाला?"

"काय म्हणणार! म्हणाला, वहिनी, एकदा पिल्लं काढून घ्या की, प्रत्येकी पंधरा-वीस हजाराला जातील. मी म्हटलं, नसबंदी झालीय. त्याचा चेहरा असा पडला, जशी त्याची म्हैसच मेलीय. म्हणूनच ती पोरं नसबंदी केल्याशिवाय हातात देत नाहीत. नाहीतर फुकट नेऊन लोक पुन्हा त्याच धंद्याला लावतील."

मग वहिनी त्यांच्या जावयांच्या सोसायटीतल्या रॉटवायलरवर आल्या. 2024 च्या मार्चमध्ये केंद्रानं राज्यांना पत्र धाडलं होतं, तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घाला म्हणून, त्यात रॉटवायलरही होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं, पण तोवर सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर सही-शिक्क्याचे हुकूम फिरले होते आणि त्या कुत्र्याचे मालक एका रविवारी त्याला गाडीत घालून घेऊन गेले. परत आले ते एकटेच.

"शेतावर?" मी विचारलं.

"आणखी कुठं."

मी म्हटलं, "पण विकणारे सगळेच तसे नसतील ना? आमच्या शाळेतल्या शिपायाच्या भावाकडं कारवानी कुत्री होती, पिढ्यान्पिढ्यांची. पिल्लू द्यायचा, पण दोन महिन्यांच्या आत नाही, आणि नीट सांभाळलं नाही तर परत आणून द्या म्हणायचा. इथून मुधोळ काही लांब नाही, तिकडंही अशी कुत्री सांभाळणारे आहेत."

"असतील की. मी कुठं नाही म्हणते? त्यानं आई दाखवली असेल."

"दाखवली होती. अंगणातच असायची."

"मग झालं. केनेल क्लबचे कागद आहेत, चॅम्पियन बापाचं पिल्लू आहे, सगळे सांगतात. कागदाला काय लागतं? आई बसलीय का समोर, तिच्या अंगावर मांस आहे का, पिल्लाला हात लावला की ती उठून येते का, तेवढं बघायचं. ज्याला ते दाखवता येत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही."

इतकं बोलून त्या शेंगा घ्यायला वळल्या आणि मी खाली वाकले. माझी एक चप्पल पायाशी नव्हती. कुंपणाशी उभी राहिले की मी चपला काढून ठेवते, मातीत पाय बरे वाटतात. फाटक तेव्हा उघडंच होतं, बोलण्याच्या नादात.

"जाईनं नेली!" वहिनी म्हणाल्या. "थांबा, आणते. काय सांगू, तिला खोड आहे. डॉक्टर म्हणाले, खोटं गाभणपण असतं कधी कधी, नसबंदीनंतरही काही दिवस राहतं. ह्यांचे मोजे, माझी स्लीपर, नातवाचा बॉल, सगळं गोळा करते. चावत नाही, फाडत नाही. नेऊन कोपऱ्यात ठेवते आणि भोवती अंग वळवून झोपते. कुणी उचलायला गेलं तर गुरगुरत नाही, नुसती बघते."

आम्ही दोघी फाटकातून तिकडं गेलो. जिन्याखाली जुन्या गोधडीवर जाई आडवी झाली होती. पोटाशी चार वस्तू: दोन मोजे, एक निळी स्लीपर, एक चेंडू. पाचवी माझी चप्पल. तिनं ती नाकानं सरकवून आत घेतली, पोटाच्या उबेत, आणि मान खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं.

ती संस्थेतली पोरं म्हणतात म्हणे, नव्या घरी कुत्र्याचे तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घर समजून घ्यायचे, तीन महिने घर आपलं वाटायला. हिचा एकोणिसावा दिवस होता.

"काढून देते हं," वहिनी वाकल्या.

"असू दे."

"अहो, एका चपलेनं घरी कशा जाल?"

मी परत आले, मेंदीपाशी पडलेली दुसरी चप्पल उचलली आणि वहिनींच्या हातात दिली. "एक घेऊन मी तरी काय करू? ही पण ठेवा तिच्यापाशी."

मग मी अनवाणी आपल्या बाजूला आले आणि फाटकाची कडी लावून घेतली.